अर्धा ग्लास

डॉक्टरला गंडवण्यात भीमाबाईचा हात धरेल असं अख्ख्या काशीमीऱ्यात कुणी नव्हतं. तिला बारा वर्षांची शुगर. तपासणीआधी तीन दिवस भात बंद, चहा फिका. मग रिपोर्ट कसा चांगला येत नाही तेच बघायचं. लातूर सोडल्यापासून तिचं एकच म्हणणं, डॉक्टरला सगळं सांगितलं की गोळ्या वाढतात.

आता सुनेला, पंचशीलाला, सहावा लागला होता. वय छत्तीस, आणि मागचं लेकरू नवव्या महिन्यात पोटातच गेलेलं. म्हणून दवाखान्यातल्या वासंती सिस्टरने तिच्या हातात ग्लुकोजच्या पाण्याचा मोठा ग्लास दिला आणि दोन तासांनी रक्त घेते म्हणाली. अर्ध्यावरच पंचशीलाला मळमळायला लागलं.

"दे इकडं," भीमाबाई म्हणाली आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतून मोकळी झाली. "साखर पाजायची आन् मग साखर वाढली म्हणायचं, हा कुठला न्याय?"

रिपोर्ट नॉर्मल आला. घरी खीर झाली.

पंधरा दिवसांनी त्या परत गेल्या, तर सोनोग्राफीवाली डॉक्टर म्हणाली, बाळ दिवसांच्या मानाने मोठं वाटतंय. भीमाबाई खुशीत बाहेर येऊन बाकावर टेकली. शेजारी एका बाईला वासंती सिस्टर समजावत होती, "शुगर कळलीच नाही, तर बाळ नुसतं फुगत जातं, आणि कधीकधी शेवटच्या महिन्यात पोटातच जातं."

भीमाबाईने मान वळवली. मागचं लेकरू चार किलोचं होतं. काय गुटगुटीत होतं, म्हणून सगळे हळहळले होते.

गप्प बसावं का? कुणाला कळणार होतं? पण पंचशीला समोरून पोटावर हात ठेवून येताना दिसली आणि भीमाबाईला काही राहवेना.

"सिस्टर, त्यो रिपोर्ट खोटा हाय. अर्धं पाणी मी सांडलं."

सिस्टरने जे सुनावायचं ते चारचौघांत सुनावलं. दुसऱ्या दिवशी पंचशीलाने घोट घोट करत ग्लास संपवला. दोन तास भीमाबाई तिच्यासमोरून हलली नाही, पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. ओकली तर? आणि नाही ओकली तर काय निघेल? एकशेचाळीसच्या आत हवं होतं. आकडा आला एकशेबाहत्तर.

"वेळेत कळलं," डॉक्टर म्हणाल्या. "पथ्य पाळा, नाहीतर इन्सुलिन आहेच. पण दर आठवड्याला यायचं."

दोघी हायवेच्या कडेला येऊन रिक्षासाठी थांबल्या. ट्रक धडधडत जात होते. पंचशीला म्हणाली, "आत्याबाई, मागच्या वेळी कुणी ही टेस्ट करायला सांगितलीच नाही आपल्याला. सांगितली असती तर..."

भीमाबाईला हो म्हणून सुटता आलं असतं. तिने पदर तोंडाला लावला, परत खाली घेतला.

"सांगितली व्हती. तू कामावर गेलती. दवाखान्यातली बाई घरी आलती बोलवायला. एवढी बारीक पोर, तिला कसली साखर, असं म्हणून मीच तिला वाटंला लावली. तुला सांगितलंच न्हाई."

 रिक्षा आली, पंचशीला आत बसली आणि कडेलाच बसून राहिली, सरकली नाही.

"मावशी, आप भी आ रही हैं क्या?" रिक्षावाल्याने विचारलं.

भीमाबाई सुनेच्या तोंडाकडे बघत रस्त्यावरच उभी राहिली.