रापणीत आलेला सुरुंग

लढाईत मी सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होतो. दोन बोटींमध्ये तारेचा जाड दोर बांधून तो पाण्याखालून ओढायचा. सुरुंगाची तळाला बांधलेली साखळी तुटली की तो वर येई, मग लांबून बंदुकीने फोडायचा. तसाच तरंगता सोडून पुढे जायचं नाही, हा सक्त हुकूम. मला हसू येई. ही तर काठावरून जाळं ओढायची आमची रापणच, साहेबाने मासळीऐवजी लोखंड धरायला काढलेली!

लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. मालगुंडच्या अलीकडे आमच्या गावच्या वाळूच्या पुळणीवर सकाळी रापण ओढत होतो. दोन्ही दोरांना मिळून अर्धा गाव लागलेला. थोरला भाऊ छातीभर पाण्यात, जाळ्याच्या खोळीपाशी. जाळं जड लागलं तशी माणसं चेकाळली. एवढ्यात लाट उतरली आणि खोळीत काळा गोळा दिसला. अंगावर शिंपल्या, वर बोटाएवढी शिंगं. भावापासून दोन हातांवर.

"थांबा! ओढू नका!" मी बोंबललो. डावीकडचे थांबले, उजवीकडचे ओढतच राहिले. लागलेली रापण अर्ध्यावर टाकणं आमच्यात अशुभ. जाळं तिरकं झालं नि ते लोखंड भावाकडे सरकलं. मी धावत गेलो आणि उजव्या दोरावरच्या पहिल्या माणसाच्या कानाखाली वाजवली. तो माझा सख्खा मामा होता. तेव्हा कुठे दोर थांबला.

"दादा, सुरुंग हाय तो! शिंगाला लागू नको, फुटेल! जाळा काप!"

"बापसाच्या हातचा जाळा कापू? खुळा झालास काय?"

"काप मेल्या, मरशील!"

थोरल्या भावाला मी जन्मात असं बोललो नव्हतो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कमरेची सुरी काढली. तो कापत होता तोवर मी दोरावर कुणाला हात हलवू दिला नाही. ओहोटी होती, वाराही जमिनीकडून सुटलेला. ते धूड भोकातून बाहेर पडलं आणि डुलत खोल पाण्याकडे गेलं. भाऊ काठावर आला तेव्हा मी त्याला मिठी मारून रडलो.

रत्नागिरीच्या बंदर कचेरीत लगेच वर्दी द्यायला हवी होती. "कशाला ता लचांड? गेला ना तो?" भाऊ म्हणाला. जबान्या, हेलपाटे, शिपायांची दमदाटी. मलाही पटलं. भाऊ जिवंत होता, मला दुसरं काही नको होतं.

चौथ्या दिवशी खाडीपलीकडच्या गावातली एक होडी परतली नाही. चार माणसं होती. वादळ नव्हतं, वाराही पडलेला. आम्ही दोघे समाचाराला गेलो. ओटीवर बसलेल्या म्हातारीचा एकुलता एक मुलगा त्या होडीवर होता. तिने माझा हात धरला.

"तुमी दर्यावरची माणसा. काय दिसला होता काय रे तुमाला?"

भावाने मान खाली घातली.

"नाय आये," मी म्हणालो.