दोघांनी धरलेली जागा

राजूरहून आईचा फोन रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास यायचा. मागच्या वर्षी तो बंद झाला, आणि तो बंद पाडणारी शहाणी मीच.

आईला एक काम दोघांना सांगायची सवय. गुडघ्याच्या गोळ्या संपल्या की ती घरातच असलेल्या दादाला सांगणार आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मलाही. दोघांनाही वाटायचं, आपल्यालाच सांगितलंय. मग एकाच गोळ्यांचे दोन डबे यायचे. एकदा तर दोन इस्त्र्या आल्या. "एक इसरला तर दुसरा हाय," हे तिचं ठरलेलं उत्तर. माझा संताप व्हायचा, कारण ऑफिसात मी नेमक्या याच दुखण्यावर औषध शोधत बसले होते.

मी मोबाइल नेटवर्कचं काम करते. आजकालचा फोन एकाच वेळी दोन टॉवरशी जोडलेला असू शकतो. फोटो पाठवायचा झाला की फोन आधी टॉवरला कळवतो, माझ्याकडे इतकं पाठवायचं आहे. टॉवर तेवढी जागा त्याच्यासाठी राखून ठेवतो. आमच्याकडे गंमत अशी होत होती की फोन तेच काम दोन्ही टॉवरना सांगायचा. दोघेही जागा राखायचे. फोटो एकाकडून निघून जायचा, दुसऱ्याची जागा रिकामीच जायची, आणि त्याच वेळी तिसऱ्या कुणाचा तरी फोन ताटकळत असायचा. हे का होतंय ते मला तीन आठवडे कळत नव्हतं. डोकं पिकलं तेव्हा रजा टाकून मी राजूरला आले.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि जालन्याला डॉक्टरांना दाखवायचं होतं. उभं राहणं तिला बिलकुल चालणार नव्हतं. नेमकी चतुर्थी होती, गणपतीच्या दर्शनाची गर्दी परतत होती. आईने मला सांगितलं, "तू म्होरं जाय अन् जागा धर, मी रिक्षानं येते." मी स्टँडवर गेले, जालन्याची एसटी लागताच खिडकीतून सीटवर दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकली, आत घुसून शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. विजयी मुद्रेने बसले.

कडेवर लेकरू घेतलेली एक बाई माझ्यापाशी येऊन उभी राहिली. जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माणूस येतंय." गाडी भरली, लोक दाराला लोंबकळू लागले, लेकरू रडायला लागलं. तिने जागा मागितली तेव्हा मी जरा खेकसूनच बोलले, "आजारी माणूस आहे आमचं." गाडी सुटली आणि मग आईचा फोन आला.

"मी दादानं जागा धरलेल्या दुसऱ्या यष्टीत बसले. त्याला बी सांगितलं व्हतं ना जागा धराया. आमची गाडी म्होरं निघाली."

मी पिशवी उचलली. बाईला बसवलं, काय घोळ झाला ते सांगून माफी मागितली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवेल, आणि तिचा हक्कच होता. ती लेकराला मांडीवर घेत म्हणाली, "आईला जागा गावली ना? मंग झालं. दोघांनी धरली, म्हणून मी उभी राह्यले. भेवापायी होतं असं."

भेवापायी, भीतीपोटी! जालना येईपर्यंत तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. पाठवायचं किती साठलं की फोनने दोन्ही टॉवरना सांगायचं, याची एक मर्यादा असते. काही चुकू नये, कुणाचं अडू नये म्हणून ती आम्हीच जवळजवळ शून्यावर ठेवली होती, म्हणून फोन बारीकसारीक कामही दोघांना सांगत सुटायचा. खरं तर थोडं असेल तर एकालाच सांगायला हवं होतं, फार असेल तरच दोघांना. परत गेल्यावर मर्यादा वर नेली आणि रिकाम्या जाणाऱ्या जागा खूपच कमी झाल्या. साहेबांनी पाठ थोपटली. त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं, याची आजही चुटपुट लागते. मी तिचे आभार मानते ते मनातच.

यशाची नशा वाईट. त्याच भरात मी आईला फोनवर नियम समजावला. "एकालाच सांगत जा आई. दुसऱ्याचा वेळ फुकट जातो."

आईने तो बराबर पाळला. दादा जवळ, म्हणून दादाला सांगू लागली. गोळ्यांचा एकच डबा येऊ लागला, कुठे काही अडेना. आणि पाच वाजता माझा फोन वाजेना. पहिला आठवडा बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी पाचला फोन समोर ठेवून बसू लागले. गोळ्या, इस्त्री, गॅसची टाकी, हे सगळं ती मला सांगायची ते मी करावं म्हणून, असंच मी धरून चालले होते. माझ्याएवढं खुळं कुणी नसेल. तिला माझ्याशी बोलायचं असायचं, आणि कामाशिवाय लेकीला फोन करणं तिला अवघड वाटायचं.

शेवटी मीच फोन लावला. म्हटलं, "आई, तो नियम मोबाइलचा होता. तू आपली दोघांना सांगत जा."

"अन् तुझा येळ फुकट जातो म्हणलीस ते?"

"जाऊ दे गं फुकट."

मग ती म्हणाली, "काल गोळ्या सरल्या व्हत्या. दादानं आणल्या. तुला काई करायचं न्हाई, नुस्तं सांगून राह्यले."

"सांग," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.