प्रवेश परीक्षेसाठी लेकीच्या कानातलं मशीन काढायला लावलं

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

आज माझ्या मुलीची, ईशाची, एका खासगी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. केंद्र पीण्यात, इथल्या कारखान्यांच्या भागात. ईशाला कमी ऐकू येतं, ती दोन्ही कानांत मशीन लावते. अर्ज भरतानाच आम्ही हे कळवलं होतं आणि त्यांनी होकारही दिला होता.

तरी गेटवर केंद्रप्रमुखांनी तिला अडवलं. "इलेक्ट्रॉनिक वस्तू आत चालणार नाही. काढा."

"अहो सर, हे काढलं तर तिला सूचना कशा ऐकू येणार?"

"अक्का, स्वल्प, जरा बाजूला व्हा. रूल सगळ्यांना एकच," ते कानडी मिसळत म्हणाले.

मी भांडत राहिले, तोवर गेट बंद व्हायची वेळ झाली. शेवटी ईशानेच मशीनं काढून माझ्या हातात दिली आणि ती आत गेली.

परीक्षा संपल्यावर इतर मुलांकडून कळलं, एका प्रश्नात चूक होती आणि दुरुस्ती वर्गात तोंडी सांगितली होती. ईशा त्याच चुकीच्या प्रश्नाशी झटत बसली. शेवटचे प्रश्न तसेच राहिले.

तिने डोळे पुसले, मशीनं कानात घातली आणि सरळ गेटवरच्या त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. "सर, आता ऐकू येतंय. ती सूचना पुन्हा सांगता?"

साहेबांनी तोंड फिरवलं आणि मोबाईल कानाला लावला.

तक्रार केली आहे, सोडणार तर मुळीच नाही. पण परदेशात राहणाऱ्यांनो, तुमच्याकडची विद्यापीठंही मुलं अशीच निवडतात का? यांना हुशार मुलं हवीत, की नुसती ऐकू येणारी?