पिशवीतल्या चादरी

९ एप्रिल. अकोल्याच्या घरी सकाळी पिशवीतल्या चादरी धुवायला काढल्या. थायरॉईडसाठी मी किरणोत्सर्गी आयोडीन घेतल्यापासून त्या वेगळ्या ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत काल संपली. तेवढ्या दिवसांत किरणोत्सर्ग आपोआप ओसरतो.

शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काहून इथं धुऊन रायली वं? आमच्या लेकरायले मारतं का?"

डॉक्टरांचा कागद दाखवला, तर तिनं हातातही घेतला नाही. "राहू दे तो कागद. उद्या आमच्या पापडाले येऊ नको."

वीस वर्षं आम्ही एकमेकींचे पापड लाटत आलो. म्हटलं, "तुह्या पापडाचं पीठ दरसाली मीच कुटलं. आता कूट तू एकटी."

१० एप्रिल. सकाळी, तिच्या अंगणातून दिसतील अशा, त्याच चादरी गच्चीवर अंथरल्या आणि माझे पापड वाळत घातले.