पावावर अडलेला काटा

हिरव्या रोपांच्या ट्रेंनी काठोकाठ भरलेली एक जुनी पिकअप, तिच्या फाळक्याच्या फटींतून ठिबकणारं पाणी, आणि त्या थेंबांनी धुळीच्या रस्त्यावर उमटत गेलेली बारीक ओली रेघ... बालपण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी ही रेघ येते. मग येतो वास – भिजलेल्या कोकोपीटचा म्हणजे नारळाच्या भुशाचा, मिरचीच्या कोवळ्या पानांचा आणि त्यात मिसळलेला डिझेलचा. कऱ्हाडजवळ मलकापूरला आमची रोपवाटिका होती. हिरव्या शेडनेटखाली दिवसभर एक पाण्यासारखा गार, हिरवट उजेड साठलेला असे, आणि त्या उजेडात बायका वाकून ट्रेमध्ये बी टोचत. माझे वडील फौजेतून निवृत्त होऊन आलेले. आम्ही मुलं त्यांना दादा म्हणायचो. बोलणं मोजकं, मिशी कडक, आणि रोपांना मात्र तान्ह्या लेकरासारखं हाताळणं.

पिकअप चालवायचा शिवाप्पा. तो मूळचा मिरजेच्या पुढचा, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळचा. त्यामुळे मला तो ‘अव्वा’ म्हणे – म्हणजे आई. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला कुणी आई म्हणावं, याचं मला केवढं अप्रूप! सुट्टीत मी त्याच्या शेजारी बसून सांगलीकडच्या गावांना रोपं पोचवायला जायची. तो खड्डा आला की गाडी अशी अलगद उतरवायचा, की मागचं एकही रोप कलंडत नसे. वाटेत थांबून तो ट्रेवर पाणी शिंपडायचा आणि उरलेल्या पाण्याचा एक शिपका माझ्या तोंडावर... आम्ही दोघंही खो खो हसायचो.

एका उन्हाळ्यात हे सगळं बिनसलं. शिवाप्पा मिरजेकडची खेप टाकून संध्याकाळी उशिरा परतला. वाटेत डिझेल संपलं होतं, कुणाच्या तरी मोटारसायकलवरून कॅन आणून त्यानं गाडी आणली होती. दादा तडक गाडीपाशी गेले, आत डोकावले.

“सकाळी मी स्वतः बघितलंय. काटा पावावर होता. पाव टाकीत मिरजेला जाऊन येतं माणूस. मग संपलं कसं?”

“काय सांगू, आण्णा... बंद पडली तवाबी काटा पावावरच हुता.”

“आणि आता कॅन ओतल्यावर?”

“आताबी पावावरच हाय.”

दादा हसले. ते हसणं मला आजही आठवू नये असं वाटतं. “म्हणजे डिझेल संपलं तरी पाव, ओतलं तरी पाव. शिवाप्पा, कुणाला शिकवतोस? कुठं काढून विकलंस, तेवढं सांग.”

बी टोचणाऱ्या बायकांचे हात थांबले. शिवाप्पानं चावी काढली आणि मिरचीच्या रोपांच्या ट्रेवर, अगदी हळू, रोप मोडणार नाही अशी ठेवली.

“विश्वास नसंल तर गाडी हातात घेऊ न्हाई, आण्णा,” एवढंच म्हणाला. मी मागं धावले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि बायको-मुलांना घेऊन तो दुसऱ्या दिवशी गावी निघून गेला.

आई त्या रात्री दादांशी बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात खेप घेऊन दादा स्वतः निघाले आणि मला सोबत घेतलं. तासगावच्या अलीकडे, ऐन उन्हात, दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा आणि सावलीला एक झाड नाही अशा जागी गाडीनं आचके दिले आणि ती थांबली. दादांनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली. मग त्यांची नजर काट्यावर गेली आणि तिथंच खिळली.

काटा पावावर होता.

त्यांनी काचेवर बोटानं टिचकी मारली. काटा हलला नाही. ते उतरले, बांधावरची बाभळीची लांब काडी सोलून आणली, टाकीचं झाकण काढून ती आत घातली... वर काढलेली काडी खालपर्यंत कोरडी होती. ती काडी हातात धरून दादा रस्त्याच्या कडेला कितीतरी वेळ उभे होते. मागं टोमॅटोची रोपं माना टाकत होती. मी हाक मारल्यावर ते भानावर आले. समोरच्या बागेतल्या हौदातून आम्ही बादलीनं पाणी आणलं, रोपं भिजवली, अंगातला सदरा काढून दादांनी कडेच्या ट्रेंवर टाकला. येणाऱ्याजाणाऱ्याकडून डिझेल मिळालं, इंजिनाजवळच्या छोट्या हातपंपानं डिझेलच्या पाईपमध्ये अडकलेली हवा काढली, आणि कशीबशी खेप पोचली. परतताना दादा एकच वाक्य बोलले, तेही मला नव्हे – “खरं बोलत होता.”

आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “आवं, काटा खोटा हाय एवढं कळलं. पण खोटा का, ते बघा. अर्धवट समजून एकदा बोलला तुमी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गाडीभोवती जमलो. उरलंसुरलं डिझेल कॅनमध्ये काढून टाकी रिकामी केली. मला आत बसवलं. काटा कुठं जातो ते मी ओरडून सांगायचं. दादांनी टाकीवरची वायर सुटी केली – “खाली पडला!” मी ओरडले. तीच वायर गाडीच्या लोखंडाला टेकवली – “वर गेला, पूर्ण भरला!” म्हणजे काटा शहाणा होता, वायरही धड होती, दोष टाकीच्या आत. मग पट्ट्या सैल करून दोघांनी टाकी खाली उतरवली. इंधनावर तरंगून काटा हलवणारा तो डबीसारखा फ्लोट त्याच्या दांड्यासकट बाहेर काढून दादांनी तो हातानं वर-खाली केला. दांडा लोण्यासारखा फिरत होता. दादा चक्रावले.

आई मात्र टाकीकडे बघत होती. तिनं ती कलती केली. तळाला, मधोमध, एक मोठा पोचा होता; पत्रा आत दबला होता, वर ओरखडे होते. फ्लोट त्या उंचवट्यावर टेकला की खाली जाऊच शकत नव्हता. टाकी कोरडी पडली तरी काटा पावावरच अडणार.

“कवा लागलं हे?” आईनं विचारलं.

दादा खाली बसले. ओरखड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. दिवाळीनंतर, शिवाप्पा रजेवर असताना, पाटणकडून येताना लवकर पोचायचं म्हणून त्यांनीच गाडी ओढ्यातून घातली होती. खालून दगडाचा दणका बसला होता. उतरून त्यांनी चाकं तेवढी पाहिली होती.

“माझ्याच हातनं,” ते म्हणाले.

त्याच दिवशी ते एसटीनं शिवाप्पाच्या गावी निघाले, तेव्हा आईनं दारात अडवलं. “त्याच्या घरी जाऊन हळूच माफी मागून येऊ नका. बोलला चारचौघांत, तर इथंच बोला. त्याला घेऊन या.”

दोन दिवसांनी शिवाप्पा आला. शेडनेटखाली, त्याच बायकांसमोर, दादा रोपांच्या दोन रांगांमध्ये उभे राहिले. फौजेत कमावलेला त्यांचा खडा आवाज त्या दिवशी कसा कुणास ठाऊक, अगदी बारीक निघाला. “शिवाप्पानं एक थेंब काढला नव्हता. टाकी मी चेपली, आणि चोर त्याला म्हणालो. माझं चुकलं.”

शिवाप्पाची मान खाली होती. तो म्हणाला, “लय लागलं हुतं, आण्णा.” मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसून म्हणाला, “टाकी कुठं हाय? पत्रा ठोकून घेऊ.”

तो राहिला. माझ्या लग्नात नवरीची गाडी त्यानंच चालवली. दादांनी दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगवर बसू दिलं नाही. पुढं ती पिकअप भंगारात गेली, रोपवाटिका भावाकडे आली, शिवाप्पाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि तो गावी शेतावर राहायला गेला.

गेल्या वर्षी तो गेला. मी दादांना घेऊन पोचले तेव्हा त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला शेताच्या कडेला पुरून माती देत होते. ज्वारी नुकतीच काढलेली, पायांखाली धसकटं, ऊन उतरत आलेलं... दादांना आता काठीशिवाय उभं राहवत नाही. शिवाप्पाच्या मुलीनं घरातून खुर्ची आणून ठेवली.

“बसा की, आण्णा.”

दादांनी मान हलवली. एक हात काठीवर, दुसरा माझ्या खांद्यावर – त्यांच्या पायांतला कंप मला खांद्यापर्यंत जाणवत होता – आणि मातीची शेवटची मूठ पडेपर्यंत ते बसले नाहीत.