रेखाच्या स्क्रिप्टला कारण लागायचं

रेखा गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. डबा तसाच झाकला आणि वडीगोद्रीची गाडी धरली. किडनीच्या आजारानं तिला बरेच दिवस छळलं होतं, तरी बातमी खरी वाटेना... पुढे शोकसभेत आमच्या जुन्या ऑफिसचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, ते बोलले. मुलगी फार हुशार, पण हट्टी, थोडं जुळवून घेतलं असतं तर कुठल्या कुठे पोचली असती, असं काहीसं. लोकांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. तिच्या आईसमोर वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहिते आहे. ज्याला ते हट्ट म्हणतात, तो काय होता ते लोकांना कळू दे.

जुन्या जालन्यात कापडाच्या एका ठोक दुकानावर सरांचं छोटंसं सॉफ्टवेअर ऑफिस होतं. खाली हातगाड्यांचा आरडाओरडा, वर आम्ही दोघी. गिऱ्हाईक सर आणायचे, काम आम्ही करायचो. रेखा वडीगोद्रीहून रोज बसनं यायची, वडील शाळेत शिक्षक होते आणि ते गेल्यावर घर तिच्यावरच होतं. वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभी करायचा तयार सांगाडा, तेव्हा आमच्याकडे नवा होता. पुस्तकाच्या झेरॉक्स काढून तिनं तो आधी स्वतः पचवला, मग मला शिकवला.

बियाणं तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेचं काम आम्हाला मिळालं. बियाण्याच्या लॉटची उगवण किती टक्के, हे तिथला माणूस वेबसाइटवर भरायचा, दुसरा मंजूर करायचा, आणि मग विक्रेते, शेतकरी लॉट नंबर टाकून निकाल बघायचे. मंजूर निकाल बदलायचा तर कारण आणि स्वतःचं नाव द्यावं लागे. ही अट रेखानं प्रोजेक्टच्या गाभ्यातच घातली होती. काही कामं मात्र ब्राउझर न उघडता करावी लागत... जुना डेटा आणणं, महिन्याचा गोषवारा काढणं. त्यासाठी सुटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहायची आणि काळ्या पडद्यावरून चालवायची. अशी स्क्रिप्ट आपल्याच प्रोजेक्टला ओळखत नाही. सुरुवातीलाच प्रोजेक्टच्या सेटिंग्ज लोड कराव्या लागतात, नाहीतर ती पहिल्याच पायरीला अडते. त्या लोड झाल्या की प्रोजेक्टचे नियमही सोबत येतात. मी कंटाळून, हे सगळं टाळून थेट डेटाबेसशी जोडून, जिथे आकडे साठवलेले असतात त्या टेबलात लिहायला निघाले, तर तिनं हात धरला. "शटर खाली असलं म्हणून दुकान बदलतं का गं? आत जायचं तर नियम घेऊनच जायचं." तिच्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर सेटिंग्ज लोड करणाऱ्या त्याच ओळी असत. मी चिडवायचे, ही पूजा आटोपल्याशिवाय तुझं काम सुरूच होत नाही. तिला त्याचा राग येत नसे.

पेरणीच्या तोंडावर प्रयोगशाळेचे मॅनेजर स्वतः जिना चढून आले. कपाशीच्या एका लॉटची उगवण फारच कमी निघाली होती, निकाल मंजूर झाला होता आणि पोती तर विक्रेत्यांकडे पोचलेली. आकडा वाढवून हवा होता, आणि वेबसाइट कारण मागत होती. सर म्हणाले, रेखा, एक छोटी स्क्रिप्ट लिही, मागच्या मागे बदलून टाक. ती लिहायला बसली. मला वाटलं, संपलं सगळं. घर हिच्यावर आहे, ही तरी काय करणार?

स्क्रिप्ट लिहून झाली आणि तिनं त्यांच्यासमोरच चालवली. वर त्याच ओळी होत्या. पडदा थांबला, कारण आणि नाव विचारू लागला. रेखानं खुर्ची वळवली. "साहेब, कारण सांगा. मी टाइप करून राह्यले."

मॅनेजर सरांकडे बघू लागले. सर म्हणाले, हे सगळं काढून थेट टेबलात टाक, जल्दी.

"तसं बिलकुल न्हाई होणार, सर," ती म्हणाली. "हे बी पेरणाऱ्यानं मंग कुणाला विचारायचं?"

आवाज चढला नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून नाही म्हटलं. आकडा बदलून देणारा दुसरा कुणी शोधेपर्यंत विक्रेत्यांनी तो निकाल पाहिला होता आणि पोती परत येऊ लागली होती. आठवडा संपायच्या आत रेखाची नोकरी गेली. मला ठेवलं, कारण दोघींना काढलं असतं तर ऑफिसला कुलूप लागलं असतं. तिनं वडीगोद्रीत हायवेच्या कडेला कॉम्प्युटरचे क्लासेस काढले, आजारपणातही चालवले. एकदाही मी तिच्या तोंडून पश्चात्तापाचा शब्द ऐकला नाही, आणि आज तिच्या वतीनं तो कुणी बोललेला मी ऐकून घेणार नाही. जुळवून घेतलं असतं तर ती पुढे गेली असती, हे खरंच. जी पोती परत आली, तीही पुढे गेली असती, शेतापर्यंत.

त्याच प्रयोगशाळेचा मागच्या आठवड्यात मला फोन आला. वेबसाइट ज्या मशीनवर चालायची ते बदललं होतं, जुन्या स्क्रिप्ट चालत नव्हत्या. मी गेले. मॅनेजर आता नवे आहेत, तरुण, बोलायला गोड. चहा सांगून म्हणाले, "मॅडम, आलाच आहात तर ती कारण विचारायची भानगडही काढून टाका ना. रेखाताई तर आता न्हाईत."

"मी आहे ना," मी म्हटलं.

मग सेटिंग्जच्या ओळींत नव्या मशीनचा पत्ता घातला, स्क्रिप्ट चालवून दाखवली, आणि कारण विचारणारी ओळ होती तिथेच राहू दिली.