साहेबांच्या घरचे कागद

कागद दुरुस्त करायच्या खोलीत बोलायला कुणी मनाई केलेली नाही, पण कुणी फारसं बोलत नाही. न बोललेलं सगळं साचत जातं आणि मग त्याचे किस्से होतात. माझ्याकडे दोन वर्षांचे साचलेत.

मी नाशिकच्या छापखान्यात बाइंडर होतो. शाळा चौथीपर्यंत. आता जपानात निशी-कसाईला मुलाकडे राहतो. शेजारची मृणाल योकोहामाला जुने कागद जपायचं शिकते. म्हणाली, "आजोबा, घरी बसून काय करता? चला!"

तिथे हेलनबाईंच्या घरचे कागद होते. त्यांचे खापरपणजोबा म्हणजे अमेरिकेचं सरकार नवं नवं होतं तेव्हाचे मोठे अधिकारी. आम्ही त्यांना नुसतं 'साहेब' म्हणतो. बाईंचे आजोबा बोटीनं इकडे आले, कागदही आले. बाई शहाऐंशीच्या, आई जपानी, जन्म इथलाच. एप्रिलमध्ये सगळ्या पेट्या अमेरिकेतल्या एका संग्रहालयात जाणार होत्या. त्याआधी एक चिकटलेला गठ्ठा उघडून वाचायचा, एवढीच बाईंची इच्छा.

* * *

पहिल्याच दिवशी मी सवयीनं बोटाला थुंकी लावून पान उलटलं. आमचे प्रमुख नाकामुरा-सान बघतच राहिले. मग मृणालला हळूच काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"चव कशी आहे, विचारतायत!"

* * *

एकदा कपाटाखाली खळीचं मडकं सापडलं. वर बुरशी, वास तर विचारूच नका. मी टाकायला निघालो, तर कधी पाऊलही न वाजवणारे नाकामुरा-सान चक्क धावत आले! खळ मुद्दाम दहा वर्षं मुरवलेली. मुरली की ती हलकेच धरते, पुढे कुणाला सोडवायची झाली तर सुटते.

घरी आलो तर सूनबाई जास्त आंबलेलं इडलीचं पीठ टाकत होती. म्हटलं, "थांब! मुरू दे."

"बाबा, योकोहामाला रोज जा, पण तिथलं शिक्षण तिथेच ठेवून या!"

* * *

साहेबांच्या शिंप्याचं एक तक्रारपत्र निघालं. विजार तीनदा सैल करून दिली, आता कापडच उरलं नाही! नाकामुरा-सान त्या फाटक्या चिठ्ठीपुढे अकरा दिवस बसून होते. मी मृणालकडून विचारलं, एका विजारीसाठी एवढं?

"साहेबांना कुणीही जपेल," ते म्हणाले. "शिंप्याला आपल्याशिवाय कोण आहे?"

* * *

तो गठ्ठा म्हणजे ओल लागून विटेसारखी झालेली चार पत्रं. मी म्हटलं, वाफ देऊ. मृणाल म्हणाली, "आजोबा, मोदक नाहीत ते!"

नाकामुरा-साननी गठ्ठा दमट पेटीत ठेवला आणि रोज केसभर सोडवू लागले. हेलनबाई दर मंगळवारी यायच्या.

"सुटला?"

"अजून नाही."

"हरकत नाही. मीही अजून आहे!"

मार्च संपत आला तरी तेच. घाई केली तर फाटेल, नाकामुरा-सान म्हणाले. "मग नको," बाई म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

* * *

पेट्या जायच्या आधीच्या मंगळवारी गठ्ठा सुटला. चारही पत्रं साहेबांच्या बायकोची. मृणाल वाचत गेली, मला मराठीत सांगत गेली.

पहिल्या पत्रात पानभर ख्यालीखुशाली आणि शेवटी, 'तांबडी गाय विकू का? कळवावे.' दुसऱ्यात गाय आधी, ख्यालीखुशाली नंतर. तिसऱ्यात नुसती गाय. चौथ्यात एकच ओळ: 'आपण देश उभा करीत आहात हे ठाऊक आहे. गाईचे काय?'

"साहेबांचं उत्तर?" मी विचारलं.

मृणालनं मान हलवली. इतक्या पेट्या लावल्या, त्यात ते कुठेच नव्हतं.

 हेलनबाईंनी कोरा कागद मागितला आणि पेन्सिलीनं लिहिलं, 'गाय ठेवावी. उशिराबद्दल क्षमस्व.' खाली आपलं नाव.

नाकामुरा-साननी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, चार पत्रांच्या मागे ठेवला आणि कोपऱ्यात पाचवा नंबर घातला.